पाणी रोज बदलता, पण परळ घासता का?

आम्ही इंदिरानगरला रो-हाउसमध्ये राहतो. अंगणात शेवग्याखाली पक्ष्यांसाठी मातीचं परळ ठेवलंय. गेल्या दिवाळीत मुलानं सिमेंटचा उभा पाणवठाही आणून दिला. सासूबाई सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे तांब्याभर पाणी घालतात, शेजारी मूठभर बाजरी टाकतात. उन्हाळा लागल्यापासून मात्र दोन दिवसांत पाणी हिरवं होतं, आतून सगळं बुळबुळीत. कावळे पोळीचे तुकडे नि हाडं आणून टाकतात, कबुतरांनी तर ठाणच मांडलंय. मी रविवारी भांड्यांच्या साबणानं घासते, थोडं जंतुनाशकही टाकते. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमच्या त्या भांड्यामुळे आमच्याकडे डास झालेत." मग डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या माणसानं परळ उपडं केलं आणि "काढूनच टाका" म्हणाला. सासूबाईंना फार लागलं ते. काढून टाकू का? की पाण्यात घालायचं काही औषध मिळतं? आणि पाणीकपातीच्या दिवसांत रोज पाणी ओतून द्यायला मन धजत नाही.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई,

परळ काढू नका. पण आत्ता चाललंय तसंही चालू ठेवू नका. काकूंची तक्रार आणि तपासणीला आलेल्या माणसाचं म्हणणं, दोन्ही मला रास्त वाटतात. सासूबाईंना का लागलं तेही कळतं. न चुकता दोन वेळा पाणी घालणाऱ्या माणसाला 'तुमच्यामुळे रोगराई होते' हे ऐकून घेणं जड जातं. त्यांच्या मायेत काही कमी नाही. पद्धत तेवढी बदलायला हवी, आणि ती आठवडाभरात अंगवळणी पडेल अशी आहे.

तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं, की पाण्यात पाण्याची भर पडते, जुनं पाणी ओतून दिलं जात नाही. वैशाखात नाशिकचा पारा 40 अंशांच्या आसपास असतो. उथळ परळातलं पाणी दुपारपर्यंत बरंचसं आटतं. आटतं ते नुसतं पाणी. विष्ठा, पिसांचा कोंडा, पोळीचा चुरा, धूळ हे सगळं तळाशीच राहतं. संध्याकाळी वरून तांब्या ओतला की भांडं भरलेलं दिसतं, पण घाण सकाळपेक्षा वाढलेलीच असते. शेवाळाला ऊन, ऊब आणि विष्ठेतलं खत मिळालं की झालं. दोन दिवसांत पाणी हिरवं होतं त्यात नवल नाही.

नांदूर मध्यमेश्वरला तुम्ही गेला असालच. गोदावरी आणि कादवेच्या त्या जलाशयावर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. 2020 मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, जाहीर झाला, महाराष्ट्रातलं ते पहिलंच रामसर स्थळ. तिथं कुणी काही घासत बसत नाही, कारण पाणी भरपूर आणि खेळतं आहे, मासे डासांच्या अळ्या खातात, घाण पसरून विरळ होते. तुमच्या परळात असेल दीडेक लिटर पाणी, आणि दिवसभर त्यात चोची बुडतात, पाय बुडतात, शेपट्या बुडतात. तिथं नदी करते ते काम इथं हातानंच करावं लागणार.

उद्या सकाळी एवढं करून बघा. परळातलं पाणी ओतून द्या आणि आतल्या बाजूनं, जिथं पाण्याची रेघ उमटलेली असते तिथं, बोट फिरवा. बोट घसरलं तर परळ अस्वच्छ आहे, मग पाणी कितीही नितळ दिसत असो. तो बुळबुळीत थर जिवाणूंचा आणि शेवाळाचा असतो. नुसतं विसळून तो निघत नाही, आणि नवं पाणी ओतलं की त्यातूनच पुन्हा सगळं सुरू होतं. बोटाला माती खरखरीत लागेपर्यंत घासायचं. रोजची खूण म्हणून एवढी पुरे, आणि सासूबाईंना चष्म्याशिवायही कळेल अशी आहे.

आता डासांचं. इथं मी जरा सविस्तर लिहिते, कारण काढून टाकायचं की ठेवायचं हे त्यावरच ठरणार आहे. डेंग्यू पसरवणारा एडीस डास घरातल्या, अंगणातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मादी अंडी घालते ती बहुतेक वेळा पाण्याच्या रेघेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला, चिकटवून. अंडी काळी आणि खसखशीहून बारीक, त्यामुळे भाजक्या मातीवर दिसतसुद्धा नाहीत. भांडं वाळलं तरी ती मरत नाहीत. कित्येक महिने तशीच तग धरून राहतात, आणि पुन्हा पाणी त्या रेघेपर्यंत चढलं की त्यातून अळ्या बाहेर पडतात. म्हणून पाणी ओतून दिलं, भांडं दोन दिवस उन्हात ठेवलं, तरी डास संपले असं होत नाही. कड घासली तरच अंडी निघतात. तपासणीच्या माणसानं परळ उपडं केलं, ते बरोबरच केलं; पण कड न घासता तुम्ही ते पुन्हा भरलं असेल तर प्रश्न जागच्या जागी राहिला.

अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून उडणारा डास, याला उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं सांगतात, ते याच हिशेबानं. तुम्ही रविवारी घासता म्हणजे कागदावर बरोबर बसतं, पण लग्नसराईत एखादा रविवार हुकतोच, आणि तेवढं डासाला पुरतं. म्हणून रोजचं काम रोज करावं असं माझं मत आहे. काम रोजचं असलं की हुकत नाही. पाण्यात वळवळणाऱ्या, डोकं खाली करून लटकणाऱ्या अळ्या कधी दिसल्याच, तर ते पाणी मोरीत किंवा गटारात ओतू नका, तिथं त्या जगू शकतात. तापलेल्या कोरड्या मातीवर पसरून ओता.

माझा मुख्य सल्ला असा, की आणखी एक परळ आणा. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बाजाराला जाणं झालं तर तिथं बघा, नाहीतर जवळच्या कुंभाराकडून घ्या. रुंद, उथळ आणि आतून खरबरीत असं बघून घ्या. झिलई दिलेलं गुळगुळीत भांडं नको, त्यात पक्ष्यांचे पाय घसरतात. मग दोन्ही आळीपाळीनं वापरायची. आज एकात पाणी, दुसरं घासून दिवसभर उन्हात उताणं. उद्या अदलाबदल. घासूनही छिद्रांत जे उरतं, ते कडकडीत वाळल्यावर बरंचसं मरतं. कबुतरं आणि होले यांच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय जीव असतो, पाण्यातून तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो. घशात पिवळट गाठी येतात, पक्ष्याला गिळता येत नाही, आणि चोचीसमोर दाणापाणी असून तो उपासानं मरतो. हा जीव ओलाव्यावाचून टिकत नाही. एक दिवसाचं ऊन त्याला पुरतं, आणि उन्हाची तर आपल्याकडे सध्या कमतरता नाही.

घासायला नारळाची शेंडी किंवा काथ्या घ्या, सोबत चिमूटभर बारीक वाळू. कुणाकडे चुलीची राख मिळत असेल तर तीही छान. ही घासणी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरात न्यायची नाही, आणि परळ ओट्यावरच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. बागेतल्या नळाशी धुवा. वाळलेली विष्ठा असेल तर आधी पाणी शिंपडून भिजू द्या, मग घासा. कोरडी खरवडली की तिची भुकटी श्वासातून आत जाते, आणि कबुतरांच्या विष्ठेची तर नक्कोच. शेवटी हात साबणानं. पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू माणसाच्या पोटात जाऊ शकतात, आणि सासूबाई तशाच हातानं देवासाठी फुलं तोडायला जात असतील, तर त्यांना हे मुद्दाम सांगा.

भांड्यांचा साबण मात्र आजपासून बंद. मातीचं भांडं सच्छिद्र असतं, साबण पिऊन घेतं आणि पुढं पाण्यात सोडत राहतं. पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी एक तेलाची ग्रंथी असते. तिथलं तेल चोचीनं घेऊन तो पिसांना चोळतो, त्यानं पिसं लवचीक राहतात आणि पाणी पिसांवर ठरत नाही. साबण नेमकं तेच तेल काढतो. तुमच्या शेवग्यावरच्या बुलबुलाची अंघोळ एकदा बसून बघा. आधी काठावर बसून दोन-तीनदा वाकून बघतो, मग आत उतरतो, डोकं बुडवून पाणी पाठीवर उडवतो, पंख फडफडवून सगळीकडे शिंतोडे करतो, आणि चिंब होऊन फांदीवर गेला की बराच वेळ एकेक पीस चोचीतून ओढत, तेल लावत बसतो. तेवढा वेळ त्याला धड उडताही येत नाही. ही सगळी मेहनत त्यानं साबणाच्या पाण्यात उतरून करावी हे बरं नाही.

जंतुनाशकाचंही तेच. बाटलीवर कितीही झाडांची नि फुलांची चित्रं असोत, फिनेल, फरशी पुसायचं द्रावण, जखमेवर लावायचं द्रावण, यातलं काही परळाला लावू नका. मातीच्या परळाला पंधरा दिवसांतून एकदा उकळतं पाणी ओता, पाचेक मिनिटं राहू द्या, घासा आणि वाळवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर कडेला क्षारांचा पांढरा थर धरतो, आणि त्या खरबरीत थराला शेवाळ पटकन चिकटतं. त्यासाठी एक वाटी पांढरं व्हिनेगर नऊ वाट्या पाण्यात मिसळून थोडा वेळ लावून ठेवा, किंवा पिळलेल्या लिंबाच्या साली घासा. मग भरपूर पाण्यानं धुवा.

पाण्यात घालायचं औषध विचारलंत, तर कुठलंच घालू नका. लोक काय काय सांगतील: तुरटीचा खडा, तांब्याचं नाणं, पोटॅशियम परमँगनेट, डांबरगोळी, रॉकेलचे दोन थेंब, गोड्या तेलाची तवंग. तेल आणि रॉकेलानं अळ्या मरतात हे खरं, पण तीच तवंग पिसांना चिकटते आणि पक्षी भिजून गारठतो. डांबरगोळी सरळ विष आहे. तांबं शेवाळाला मारतं, पण जास्त झालं तर लहान जिवांनाही बाधतं, आणि रोज घासलेल्या परळात त्याची गरजच पडत नाही. टाक्यांत आणि पिंपांत अळ्या मारायला जे औषध टाकतात, तेही या दोन बोटं पाण्यात नको. गप्पी मासे तर एवढ्या उथळ आणि तापलेल्या पाण्यात जगायचे नाहीत. नळाचं पाणी आहे तसं घाला, त्यातल्या क्लोरीननं पक्ष्यांना काही होत नाही.

मुलानं आणलेल्या सिमेंटच्या पाणवठ्याबद्दल स्पष्ट सांगते, उन्हाळ्यात तो मला फारसा पसंत नाही. उचलता येत नाही म्हणून पालथा घालता येत नाही, पालथा घालता येत नाही म्हणून नीट वाळत नाही. वरचं ताट सुटं असेल तर ते काढून बाजूला पालथं ठेवा आणि खांबावर परळ ठेवा. परळाला उंची मिळते, मांजराचा धोका कमी होतो, मुलाची वस्तूही वापरात राहते. ताट पक्कं बसवलेलं असेल तर ब्रशनं घासून, पाणी फडक्यानं टिपून कोरडं करायचं. महिन्यातून एकदा कपड्यांच्या साध्या, बिनवासाच्या ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ठेवा, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि वाळल्याशिवाय पाणी भरू नका. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड, कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्हींचे दिवस वेगळे ठेवा.

कावळ्यांचा राग येणं साहजिक आहे, पण तो ती घाण मुद्दाम करत नाही. वाळकी पोळी त्याला गिळता येत नाही, म्हणून तो ती पाण्यात बुडवतो, पायाखाली धरून मऊ झालीय का बघतो, पुन्हा बुडवतो. रामकुंडावर पिंडाला शिवायला आपण ज्याची वाट बघतो, तोच हा पक्षी, आणि त्यालाही तहान लागते. त्याच्यासाठी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीवर, एखादं जुनं खोलगट भांडं वेगळं ठेवून बघा. सगळे कावळे ऐकतील असं नाही, पण परळावरची गर्दी कमी होते. हाड किंवा मांसाचा तुकडा दिसला तर त्या दिवशी दुपारीही पाणी बदला, कारण ते पाणी उन्हात तासाभरात नासायला लागतं.

कबुतरांचं कारण बाजरी आहे. सासूबाईंना हे सांगणं अवघड जाईल, तरी सांगा. दाणे आणि पाणी शेजारीशेजारी असले की पक्षी तिथंच तासन् तास बसतात, दाणे पाण्यात पडून आंबतात, विष्ठा पाण्यात पडते. आणि शहरात कबुतराला आपल्या दाण्यांची गरज उरलेली नाही. दाणे थांबवले तर आठ-पंधरा दिवसांत त्यांचा वावर उतरतो, मग दयाळ, शिंपी, चष्मेवाला, सूर्यपक्षी अशी लहान मंडळी धीर करून खाली येतात. ती दाणे खायला येतच नव्हती, त्यांना पाणीच हवं असतं. सासूबाईंना काही तरी खायला घालायचंच असेल, तर पाण्यापासून लांब, चिमण्यांपुरते थोडे तांदळाचे कण, आणि संपतील तेवढेच.

जागाही थोडी बदला. शेवग्याची बारीक पानं आणि फुलं सारखी गळत असतात, पुढं पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंटही होतात. परळ अगदी झाडाखाली न ठेवता सावलीच्या कडेला घ्या, दुपारचं ऊन चुकेल असं. दाट झुडपापासून सहा-सात फूट लांब, म्हणजे मांजर दबा धरून झेप घेऊ शकणार नाही आणि ओल्या पक्ष्याला फांदी मात्र जवळ असेल. पाणी दोन बोटंच, मधोमध एक चपटा दगड. दगडाचा फायदा मधमाश्यांनाही होतो, एरवी त्या पाणी प्यायला येतात आणि बुडतात. दगडही रोज घासायचा, हे विसरायला होतं.

पाणीकपातीच्या दिवसांत पाणी ओतून द्यायला मन होत नाही, हे मी समजू शकते. गंगापूर धरणाची पातळी वाचून वैशाखात सगळेच जपून वापरतात. पण ते पाणी वाया जाऊ द्यायचंच नाही. दीड लिटर जुनं पाणी जास्वंदीच्या किंवा मोगऱ्याच्या बुंध्याशी ओता. त्यातली विष्ठा झाडाला खतच आहे. कोथिंबीर, मेथी, पुदिना अशा कच्च्या खायच्या पाल्याला मात्र ते घालू नका. घासायला आणि विसळायला तांब्या-दोन तांबे लागतील, तेही त्याच आळ्यात जाऊ द्या. झाडांना सकाळी पाणी घालताच ना? त्यातच हे काम बसतं.

एखाद दिवशी पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी पाण्याशी दिसला, तर दोन्ही परळं उचला, उकळत्या पाण्यानं धुवा आणि दोन आठवडे पाणी ठेवूच नका. पक्षी इकडेतिकडे विखुरले की रोगाची साखळी तुटते. जखमी किंवा आजारी पक्ष्यासाठी वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका, आणि एकाच वेळी दोन-चार मेलेले दिसले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

राहिल्या काकू. आठवडाभर हे सगळं नीट चालू लागलं की त्यांना सकाळी अंगणात बोलवा आणि घासलेल्या परळावरून त्यांनाच बोट फिरवायला सांगा. मग दोघी मिळून दोन्ही घरांभोवती एक फेरी मारा. एडीस फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. त्यामुळे डास खरंच वाढले असतील, तर तुमच्या परळाखेरीज आणखी काही जवळपास आहे का तेही बघायला हवं: कूलरचं पाणी, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचा जुना टायर, झाकण फुटलेली टाकी. हे त्यांच्याकडेच आहे असं दाखवायला जाऊ नका, आधी तुमच्या घरापासून सुरुवात करा. डेंग्यूची भीती खरी आहे, आणि त्यांच्या घरात कुणी तापानं आजारी पडून गेलेलं असू शकतं.

सुट्टीत गावाला जाणार असाल तर दोन्ही परळं पालथी घालून जा. रोज घासणारं कुणी नसेल तर भरलेलं परळ ठेवू नये. पक्षी तेवढे दिवस दुसरीकडे पाणी शोधतात. मृगाचा पाऊस लागून डबकी भरली की तसंही परळाची गरज उरत नाही, तेव्हा ती घासून, वाळवून छपराखाली पालथी ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी साठून नेमकं डेंग्यूच्या दिवसांत डास होतील. पावसानं मध्येच मोठी उघडीप दिली तर पुन्हा बाहेर काढा. मग ऑक्टोबरच्या उन्हात रोजचा क्रम सुरू करा, आणि तेव्हा आधी उकळतं पाणी ओतून, कड घासूनच भरा.